यमाचं बोट

पितळी परातीतून वाफ निघत होती आणि वाफेबरोबर मिरचीचा असा खकाणा उठत होता, की पहिल्या तीन रांगांतल्या बायका पदर नाकाला लावून शिंकत होत्या. पाणी लालभडक झालं होतं. संकेश्वरी मिरचीचं त्याच दिवशी कुटलेलं तिखट, तेही तीन ओंजळी. काळाचौकीतल्या त्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरत नसे. दाराशी चपलांचा ढीग, खिडकीचे गज धरून उभी राहिलेली माणसं, वर धरलेले मोबाइल, आणि या सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर बसलेली शेवंती.

"हात सैल सोडा, माई," अग्निहर महाराज म्हणाले. "एकदम सैल. मुंगी चावल्यासारखं होईल, घाबरायचं नाही."

त्यांनी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं धरली आणि उरलेली दोन तिच्या तळव्यात मुडपली. "हा अंगठा, हा ब्रह्मा. हे विष्णू. हे महेश. आणि करंगळी? करंगळी बाहेर! ते यमाचं बोट. यमाला आगीत घातलं की तो जागा होतो, आणि एकदा जागा झाला की घर विचारत येतो."

लोक हसले. महाराजांनी तीन बोटं पाण्यात बुडवली आणि सगळी खोली मोठ्याने आकडे मोजू लागली. एकवीस झाले तेव्हा महाराजांनी हात वर उचलला. बोटांवरून लाल पाणी निथळत होतं.

"झोंबलं?"

"नाय महाराज."

"आग?"

"काय्येक नाय," शेवंती म्हणाली आणि हसली.

खोलीत जो जयजयकार झाला तो समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ऐकू गेला असेल. महाराज उठून उभे राहिले. "अग्नी तीन जातीचा. एक चुलीतला, तो पाण्याने विझतो. एक पोटातला, तो भाकरीने विझतो. तिसरा नसांतला. त्याला ना डॉक्टर, ना सरकार, ना फायर ब्रिगेड. त्याला एकच बंब!" आणि त्यांनी आपल्या भगव्या कफनीवर थाप मारली. हा बंब पैशाला शिवत नसे. त्यासाठी दाराशी त्यांचा मेहुणा बसलेला असे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. त्या खोलीत लबाडी होती, पण ती शेवंतीची नव्हती. तिला कोणी पढवलेलं नव्हतं. त्या बाईला खरोखरच काही कळत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

शेवंतीचं काम लालबागच्या मसाला गल्लीत. फेब्रुवारी उजाडला की वर्षाचा मसाला भरायला दादर, गिरगाव, शीवपासून माणसं तिथे येतात. बेडगी, पांडी, काश्मिरी मिरची निवडून घेतात, ती उन्हात तापवतात, देठं काढून घेतात आणि डंकावर कुटून डबे भरून नेतात. ही देठं काढणाऱ्या बायका दुकानांच्या पायरीवर मांडी घालून बसलेल्या असतात. शेवंती त्यांच्यात सत्तावीस वर्षं होती. मिरची डाव्या हातात, देठ उजव्या अंगठ्या-बोटाच्या चिमटीत, एक पीळ, की देठ एकीकडे आणि मिरची दुसरीकडे. मिरची फुटायची नाही, बी सांडायचं नाही. गुणाजीशेठच्या दुकानात गिऱ्हाईक तिचं नाव घेऊन यायचं. "देठं शेवंतीबाईंकडेच द्या हो," असं कोणी म्हटलं की ती वर न बघता आणखी भराभर हात चालवायची. दिवसात किती हजार वेळा ती चिमटी वळत असेल ते कोणी मोजलं नव्हतं. मनगटाने तेवढं मोजलं.

या गल्लीत हाताची आग होणं हा आजार नव्हेच, ती हजेरी असते. नवी बाई चार दिवस रडते, मग खोबरेल चोळायला शिकते, ताकात हात बुडवायला शिकते, आणि पुढे आयुष्यभर आपल्या हातांबद्दल बोलत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी शेवंतीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, झोपेतून उठवील अशी आग व्हायला लागली, तेव्हा तिने दोष मिरचीला दिला. रविवारीही आग व्हायची. भर पावसाळ्यात, महिनामहिना मिरची डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही व्हायची. करंगळीला मात्र कधीच होत नसे, आणि मिरची काही बोटं निवडून झोंबत नाही. हे सगळं तिच्यासमोर होतं. पण सत्तावीस वर्षांची समजूत एका पावसाळ्याने कशी जाणार? तिने ताकाचं भांडं मोठं घेतलं, एवढंच.

तिच्या शेजारच्या पायरीवर बसायची शांता. दोघी एकाच गावच्या, कुडाळकडच्या, आणि तोंडाने तिखट होती ती शांताच. तिलाही तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. ती परळच्या हॉस्पिटलात गेली, तपासण्या झाल्या, मनगटावर छोटं ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने टाके दुखले, हाताला जोर लागेना, तो हंगाम तिने घरी बसून काढला. परत आली तेव्हा हात चालू लागला होता, पण थंडीत मनगट ठणकायचं आणि शांता काही गप्प सोसणारी नव्हती. "आई गो" म्हणून ती मनगट चोळायला लागली की बाकीच्या एकमेकींकडे बघत. कापून घेतलं तरी दुखतंच, हा धडा अख्ख्या गल्लीने घेतला.

तरी शांताने शेवंतीला ओढत हॉस्पिटलात नेलंच. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई, नूपुर त्यांचं नाव, त्यांनी शेवंतीच्या मनगटावर टिचकी मारली तसा झटका बोटांपर्यंत गेला.

"मावशी, मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून अंगठ्याकडची नस जाते. तुमच्या कामाने तो बोगदा सुजलाय आणि नस आवळली जातेय. हा पट्टा रोज झोपताना लावा. सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर इंजेक्शन देऊ. त्यानेही भागलं नाही तर छोटं ऑपरेशन."

"ऑपरेशन नको बाई."

"आता नाहीच करत. पण एक लक्षात ठेवा. नस जिवंत आहे म्हणून ओरडतेय. काही न करता ती ओरडायची थांबली, तर खूश होऊन घरी बसू नका. त्याच दिवशी माझ्याकडे या."

शेवंतीने पट्टा नऊ दिवस लावला. त्याने बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून काढून ठेवला. मग हंगाम सुरू झाला, आग दुपटीने परतली, आणि त्याच सुमाराला काळाचौकीत अग्निहर महाराज प्रकट झाले.

महाराजांची पद्धत साधी होती. आलेल्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आपल्या बोटाने चेपून बघायचा. त्याला ते शुक्राचं आसन म्हणत. आसन भरलेलं असलं की मान हलवायचे. "अग्नी अजून आत आहे. वेळ आली नाही. अकरा गुरुवार." आणि मनगटात तांब्याचं कडं घालायचे. कडं म्हणजे नावाला, खरं तर आवळपट्टीच. ते मनगटात बसवून पकडीने असं दाबायचे की आत काडी सरकू नये. महाराज सांगतील तोवर काढायचं नाही, झोपतानाही नाही.

शेवंतीची आग पहिल्या महिन्यात इतकी वाढली की ती उभ्याने रडायची. "बाहेर पडतेय ती," महाराज म्हणाले. दुसऱ्या महिन्यात बोटं लाकडासारखी वाटू लागली. आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ती जागी झाली तर आग नव्हती. मुंग्या नव्हत्या. काहीच नव्हतं. कित्येक महिन्यांनी ती सलग झोपली होती. ती अंथरुणावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं, सुखाचं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिने ते परतवून लावलं. दुखणं गेल्यावर डॉक्टरकडे कोण जातं?

त्या गुरुवारी महाराजांनी तिचा उंचवटा चेपला. बोट खोलगट जागेत बुडलं. त्यांचे डोळे चमकले. "माई," ते म्हणाले, "आज तुमची परीक्षा." पहिल्यांदा परात आली ती तेव्हा.

तेव्हापासून शेवंती पहिल्या रांगेत बसू लागली. आजवर पायरीवर बसलेली बाई. तिला लोक वाट देऊ लागले, लहान पोरं तिच्या हातावर टेकवू लागले. आवडत होतं तिला ते. कोणाला नाही आवडणार?

पण घरी काय चाललं होतं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ब्लाउजचं हुक लावताना बोटाला हुक लागलाय की नाही ते कळत नसे, म्हणून ती आरशात बघून लावायची. कपबश्या फुटत होत्या. सुईत दोरा ओवायचं तिने सोडलं. आणि पायरीवर बसल्यावर चिमटी बसेना. देठाबरोबर अर्धी मिरची येई, बी सांडे. एकदा गुणाजीशेठने तिच्यासमोरचा ढीग उचलला, बघितला आणि शांतापुढे नेऊन ओतला. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. शेवंती त्या दिवशी घरी चालत गेली ती रस्ताभर अंगठा बोटावर घासत. घासतोय हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत नव्हतं.

मग एका रविवारी ती भाकऱ्या थापत होती. आतल्या खोलीतून तिची सून श्रेया ओरडत आली. "आई, काय जळतंय? केवढा वास येतोय!"

"भाकर करपली असेल."

भाकरी नव्हती करपली. शेवंतीचं मधलं बोट तव्याच्या कडेला टेकलेलं होतं. श्रेयाने तिचा हात ओढला तेव्हा कातडी तव्याला राहिली.

श्रेयाची किंचाळी ऐकून शेजारणी धावल्या. त्यांनी ते बोट पाहिलं, शेवंतीचा शांत चेहरा पाहिला, आणि त्यातल्या एकीने हात जोडले. मग दुसरीने. "अग्नीच शिवत नाही गं हिला," कोणी म्हणालं. श्रेया बर्फ आणायला पळाली तोवर दोघींनी ते भाजलेलं बोट कपाळाला लावून घेतलं होतं.

श्रेयाने शांताला फोन केला. शांता आली. तिने शेवंतीचा हात उलटा केला, सुलटा केला, आपला हात शेजारी धरला. शांताच्या अंगठ्याखाली मांसल गोळा होता. शेवंतीच्या तिथे खळगा.

"शेवंते, तुझो अंगठो वाळलो गो."

"वयाने होतं."

"डाव्या हाताक वय नाय होय तुझ्या?"

शेवंतीने डावा हात पदराखाली घेतला. शांताने ओट्यावरच्या डब्यातून चिमूटभर तिखट घेतलं, पाण्यात कालवलं आणि तिच्या करंगळीला चोळायला गेली. शेवंतीने हात मागे घेतला.

"ते यमाचं बोट आहे."

"कोण म्हणालो?"

"महाराज."

"काय म्हणतो तो? हात धरताना काय म्हणतो?"

शेवंतीने सांगितलं. हात सैल सोडा. एकदम सैल. मुंगी चावल्यासारखं होईल.

शांताने आपल्या मनगटावरची टाक्यांची रेघ चोळली. मग म्हणाली, "गुरुवारी मी येतंय तुझ्यावांगडा."

गुरुवार आला. परात आली, वाफ आली, शिंका आल्या. शेवंतीच्या मधल्या बोटाला पांढरी पट्टी होती, आणि महाराजांनी ती पट्टी सगळ्यांना दाखवली. "तवा टेकला, कातडं गेलं, माईला पत्ता नाही! अजून कोणाला पुरावा हवाय?"

"माका होयो," मागून शांता म्हणाली. माणसं बाजूला झाली तशी ती थेट परातीपाशी आली. "महाराज, ओळखलात? तीन वर्षांपूर्वी. परळला नसांची तपासणी होते त्या सेंटरात. दाढी नव्हती तेव्हा, निळा कोट होता. तुम्ही माझ्या मनगटाला वायरी चिकटवल्यात. हात सैल सोडा, एकदम सैल, मुंगी चावल्यासारखं होईल. तो करंट बसला तो मी विसरेन होय? माधव म्हणत होते सगळे तुम्हाला."

खोलीत कुजबुज झाली. महाराजांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "पूर्वाश्रमीचं नाव संन्याशाला विचारू नये, ताई," ते हळुवारपणे म्हणाले. "तिथेच तर मी पाहिलं, की यंत्राला नस दिसते, अग्नी दिसत नाही."

"यंत्राला मेलेली नस दिसते! कोणाचा अंगठा वाळलाय ते बघायला तिथे शिकलात तुम्ही. ज्याची नस मेली त्याला परातीत घालता. ज्याची जिवंत आहे त्याला कडं आवळून अकरा गुरुवार थांबवता, मरेपर्यंत." तिने गर्दीकडे वळून विचारलं, "ह्यांनी कधी करंगळी घातली काय गो पाण्यात? का नाय घालत? करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाय म्हणून! ती शाबूत असता. ती बोंब मारतली!"

"यम..." महाराज म्हणाले.

"शेवंते, घाल करंगळी."

शेवंती परातीसमोर बसली होती. तिला सगळे बघत होते. गेले काही महिने ती ज्या रांगेत बसत होती ती रांग, मुलं टेकवणाऱ्या त्या आया, समोर धरलेले मोबाइल. करंगळी बाहेर ठेवली तर उद्याही ती माईच राहणार होती. तिने मुडपलेली दोन बोटं उघडली. मग पट्टी बांधलेलं मधलं बोट सोडून बाकी हात पाण्यात घातला आणि धरून ठेवला.

पहिल्यांदा करंगळीला नुसतं ऊन पाणी लागलं. मग पाण्याच्या उष्णतेने तिखट नखाच्या कडेतून, मिरच्यांनी फुटलेल्या भेगांतून आत गेलं. करंगळी पेटली. शेवंतीच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून खिडकीतली माणसं मागे सरली. पण तिने हात काढला नाही. ती रडत होती आणि दुसऱ्या हाताने अंगठा दाबत होती, तर्जनी दाबत होती, जणू त्या करंगळीची आग शेजारी ढकलून न्यायची होती. ती पुढे जाईना. अनामिकेच्या एका बाजूपाशी येऊन थांबली. पलीकडे नुसतं लाकूड.

शांताने तिचा हात ओढून बाहेर काढला आणि आपला ऑपरेशन झालेला हात, मनगटावरच्या पांढऱ्या रेघेसकट, पाण्यात खुपसला. थोड्या वेळात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पाचही!" ती ओरडली. "पाचही झोंबतात! बघा! ह्याका म्हणतात बरा झालेला हात!"

कथा इथे संपायला हवी होती. बुवा पळाला, लोकांचे डोळे उघडले, असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण महाराज पळाले नाहीत. त्यांनी शांत आवाजात, डोळे मिटून, एवढंच म्हटलं, "दोन हात पाहिलेत. एक डॉक्टरने कापलेला, त्याची पाचही बोटं जळतात. एक माझ्याकडे आलेला, त्याची यमाचं बोट सोडून सगळी शांत आहेत. तुम्हाला कुठला हात हवा?"

मोबाइल पुन्हा महाराजांकडे वळले. मग मागून कोणीतरी जयजयकार केला, आणि खोलीने तो उचलला.

दुसऱ्या दिवशी श्रेया आणि शांता शेवंतीला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तिथे मोठ्या कात्रीने कडं कापलं. त्याखाली मनगटाला खाच पडली होती. डॉक्टर नूपुरनी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. शेवंती करंगळीला "हां" म्हणाली, बाकीच्या बोटांना काहीच म्हणाली नाही. अंगठा करंगळीला टेकवायला सांगितला. अंगठा जागचा उठला नाही.

"मुंग्या कधी थांबल्या, मावशी?"

"तीन महिने झाले."

"मी काय सांगितलं होतं?"

"ओरडायची थांबली तर या, असं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर शेवंतीला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "नस महिनोन् महिने आवळलेली होती. आधी ती आग करून सांगते, मग मुंग्या येऊन सांगते, मग सांगायची थांबते. कड्याने ते काम लवकर उरकलं. ऑपरेशन अजूनही करू या. बोटांना थोडंफार कळायला लागेल, निदान भाजलं तर. पण तेही नक्की सांगत नाही. अंगठ्याचं मांस गेलंय ते मात्र परत येणार नाही."

"मिरचीची देठं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. शेवंतीला उत्तर मिळालं होतं. त्या एका चिमटीवर तिने संसार केला होता, मुलगा वाढवला होता, नाव कमावलं होतं. ती चिमटी आता तिच्याकडे नव्हती, आणि ती पट्टा लावून, एका इंजेक्शनवर वाचली असती. 

ऑपरेशन झालं. गुणाजीशेठने तिला चाळण्या धुवायचं काम दिलं, जुन्या ओळखीने. तिच्या पायरीवर नवी बाई आली. आणि गुरुवारी संध्याकाळी काम संपलं की शेवंती मंडळाच्या खोलीबाहेर, चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसू लागली. महाराजांचा मेहुणा आधी हुसकायचा, मग त्याने सोडून दिलं. ती कोणाचं काय बिघडवत होती? आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती आपला हात दाखवायची आणि तेच बोलायची. कोणी थांबायचं, कोणी नाही. थांबणारी बाई ऐकून घ्यायची आणि आत जायची.

एका गुरुवारी रखमा आली. तिच्याच पायरीवर बसणारी ती नवी बाई. जेमतेम तिशीची, हात छातीशी धरलेला.

"आग होते?" शेवंतीने विचारलं.

"लई होते, मावशी. झोप नाही."

"करंगळीला होते?"

रखमाने विचार केला. "नाही. तिला नाही."

"मग मिरचीचा काही संबंध नाही, बघ. मिरची बोट निवडत नाही. मुंग्या येतात? हात झटकलास की बरं वाटतं?" रखमाने मान हलवली. शेवंतीने डाव्या हाताने तिचा हात धरला. "ऐक माझं. आग होतेय म्हणजे हात जिवंत आहे. आत जाशील तर ते आग घालवतील, आणि हात पण घालवतील. त्यांची जादू एवढीच आहे. बरं करणं वेगळं आणि गप्प करणं वेगळं. मला ते कळलं नाही, मी नुसती दुखत नाही म्हणून नाचले. तू दुखतंय तोवर परळला जा. उद्या सकाळी जा. मी येते तुझ्यासोबत. कोण काय म्हणतं ते सोड, देव काय म्हणतो ते पण सोड. मला सांगू नको, महाराजांना विचारू नको, तूच तुझी करंगळी बघ आणि तुझी बाकी बोटं बघ, आणि तूच विचार कर. एवढंच कर."

रखमाचे डोळे भरून आले होते. ती वाकली. शेवंतीला वाटलं, कळलं हिला. एका बाईला तरी कळलं.

रखमाने तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, तव्याचा काळा डाग असलेल्या बोटासकट तो आपल्या कपाळाला लावला, डोळे मिटले आणि पुटपुटली, "माई, तुमच्यासारखा माझाही हात होऊ दे."

मग तिने चपला काढल्या आणि ती आत गेली.

शेवंती तशीच हात पुढे करून बसून राहिली. रखमाचं कपाळ तापलेलं होतं, घामाने ओलं होतं. ते तिच्या करंगळीला कळलं. बाकीच्या बोटांना काही कळलं नाही. आत परातीत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि लोक आकडे मोजू लागले.